चालणाऱ्याला शून्य

आमच्या एल्म फोर्क गावच्या मॉलमध्ये आता विकायला फारसं काही उरलेलं नाही. छत्तीस गाळ्यांपैकी नऊ उघडे आहेत, आणि त्यातल्या एकात श्रवणयंत्रं मिळतात. तरी रोज सकाळी साडेसहाला मी दार उघडतो तेव्हा बाहेर वीस-पंचवीस गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात. जानेवारीत आमच्याकडे थंडी उणे तीसला जाते, पापण्यांवर बर्फ धरतो, म्हणून आमची म्हातारी मंडळी मॉलमध्ये चालायला येतात. चालण्यासाठी चार मैल गाडी हाकायची, अगदी दाराजवळची जागा मिळावी म्हणून एकमेकांवर हॉर्न वाजवायचे, आणि मग आत येऊन फेऱ्या मारायच्या, याला आमच्याकडे व्यायाम म्हणतात. मी इथला पहारेकरी. मी सगळं बसून बघतो.

फेऱ्यांचे नियम कडक आहेत. सगळ्यांनी एकाच दिशेने चालायचं. टोकाला पूर्वीचं कपड्यांचं मोठं दुकान आहे, त्याचं शटर सात वर्षं बंद आहे. तिथे पोचलं की शटरला बोट लावायचं. बोट लावलं नाही तर ती फेरी धरत नाहीत. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नाही, पण तो मोडायची कुणाची हिंमत नाही. त्या करड्या शटरवर एक तळहाताएवढा डाग घासून घासून चकचकीत झाला आहे. चार फेऱ्यांचा एक मैल होतो. मैल झाला की सगळे कॉफीच्या काउंटरसमोर बसतात आणि चालून जेवढं घालवलं त्याच्या दुप्पट डोनट खाऊन भरून काढतात. एक गृहस्थ तर कॉफी पिता पिता मनगट हलवत बसतात, घड्याळात दहा हजार पावलं पुरी व्हावीत म्हणून. त्यांच्या घड्याळाच्या हिशेबाने ते मागच्या वर्षी चालत कॅनडाच्या पार पोचले. पोट मात्र अजून इथेच आहे.

कोच मर्ल ओस्टगार्डनी हे पाहिलं असतं तर एक शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर बर्फात पिटाळलं असतं, असं मी कैक वर्षं म्हणत आलो होतो. आणि यंदाच्या जानेवारीत एका सकाळी मी दार उघडलं तर समोर कोचच उभे. हातात काठी, गळ्यात तेच जुनं स्टॉपवॉच, आणि चेहरा असा की कुणी तरी त्यांना भीक मागायला आणून उभं केलंय.

कोच म्हणजे आमच्या शाळेचे खेळाचे मास्तर. एकतीस वर्षं त्यांनी या गावाला पळवलं. गावात आज पन्नाशीच्या पुढचा असा माणूस नाही, ज्याला त्यांच्या शिट्टीने ओकारी आली नाही. त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो ते वर्षातून दोनदा, मैलाच्या चाचणीच्या दिवशी, मैदानावर उभे राहून सांगायचे. चालणं हा व्यायाम नाही, ती वाहतूक आहे. बदक दिवसभर चालतं, सडपातळ बदक पाहिलंय का कुणी? चालून तब्येत सुधारली असती तर पोस्टमन मेले नसते. एवढं झालं की ते म्हणायचे, "धावणाऱ्याला त्याची वेळ. चालणाऱ्याला शून्य." आणि शिट्टी.

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट. वर्गात जाडे दोघंच, एक मी आणि दुसरी जॅनेल. जॅनेल कोचची मुलगी. मैल म्हणजे मैदानाच्या चार फेऱ्या. पहिल्या फेरीनंतर आम्ही दोघं चालायला लागलो. तिसऱ्या फेरीत मैदानाच्या मागच्या बाजूला, जिथे कुंपणाला भोक होतं, तिथे मी तिला म्हटलं, चल, सटकू. ती म्हणाली, मला घरी त्यांच्याच समोर जेवायला बसायचंय. मी एकटा सटकलो आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन बसलो. जॅनेलने चारही फेऱ्या चालून पुऱ्या केल्या. सगळा वर्ग आत निघून गेला होता, कोच एकटे स्टॉपवॉच धरून उभे होते. ती पोचली, त्यांनी बटण दाबलं, वहीत शून्य लिहिलं आणि पाठ फिरवून चालते झाले. तिमाही प्रगतिपुस्तकात सगळीकडे पहिला वर्ग आणि शारीरिक शिक्षणात शून्य. शेरा त्यांचा, आणि खाली पालकाची सहीही त्यांचीच. मैदानावरचं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि प्रगतिपुस्तक मिळालं तेव्हा तेही दाखवलं. मला त्या सहीचा राग अजून येतो. माझ्या स्वतःच्या शून्याचा एवढा आला नव्हता.

जॅनेल शाळा संपताच ॲरिझोनाला गेली, इथून जितकं दूर आणि जितकं गरम जाता येईल तितकं. कोच धावत राहिले. निवृत्तीनंतरही, हिवाळ्यातही, भुवयांना बर्फ लावून, रस्त्याच्या मधोमध. बर्फ काढणारी गाडी त्यांच्या मागे हळूहळू यायची, कारण ते बाजूला होत नसत. बायको गेली त्या वर्षीही एक दिवस चुकला नाही. ऐंशीव्या वर्षी, गेल्या नोव्हेंबरात, ते असेच धावताना तळ्याकाठी आडवे झाले. छाती उघडून शस्त्रक्रिया झाली. यावरून मॉलमध्ये आठवडाभर वाद चालला होता. अर्धे म्हणत होते, बघा, एवढं धावून काय मिळालं? अर्धे म्हणत होते, धावले म्हणून तर वाचले. दोन्ही बाजूंच्या तोंडात डोनट होता.

डॉक्टरांनी सांगितलं, धावणं बंद, रोज चालायचं. आणि दुसरं जॅनेलला सांगितलं. हे एकटे राहू शकतील का, याची साधी परीक्षा म्हणजे न थांबता, न बसता, काठीशिवाय मैलभर चालता येतं का ते बघा. जॅनेल तीन महिने रजा काढून इथे आली होती. तिने ॲरिझोनात आपल्या घराजवळ म्हाताऱ्यांच्या निवासात एक खोली बघून ठेवली होती. तिथे तळं नाही, बर्फ नाही, आणि कॉरिडॉरला दोन्ही बाजूंनी धरायला दांडे आहेत. कोचनी ते दांडे चित्रात पाहिले मात्र, त्या दिवसापासून जेवण अर्धं केलं. शेवटी बापलेकीत करार झाला. सोमवारी सकाळी मॉलमध्ये चार फेऱ्या. जमलं तर तळ्याकाठचं घर त्यांचं. नाही जमलं तर ॲरिझोना.

तो सोमवार म्हणजे हीच सकाळ. कोचच्या मागोमाग आलेली जॅनेल माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "लाइल, तू साक्षीदार. डॅडना माझा भरवसा नाही, मला त्यांचा नाही. तुला कुणीच काही मानत नाही, म्हणून तू बरा."

सदतीस वर्षांनी भेटलेल्या वर्गमैत्रिणीने याहून गोड बोलायला हवं होतं, पण शेवटी ती ओस्टगार्ड होती.

मी शटरजवळच्या बाकावर बसलो. काठी माझ्याकडे दिली. कोच निघाले. मी आयुष्यात माणसं चालताना खूप बघितली आहेत, तोच माझा धंदा आहे, पण चालण्याची इतकी लाज वाटणारा माणूस बघितला नव्हता. मान खाली, हात खिशात, दुकानांच्या काचांकडे पाठ. कुणी ओळखीचं दिसलं की वाकून बुटाची नाडी बघायचे. पहिल्या फेरीला त्यांनी शटरला बोटही लावलं नाही. मागून सगळे ओरडले, तेव्हा परत येऊन लावलं.

दुसरी फेरी झाली, तिसरीही झाली. तिसरीत मनगटवाले गृहस्थ त्यांच्या पुढे गेले, तेव्हा कोचच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तरी त्यांनी सोसलं. चौथ्या फेरीत मागून आर्डिस टॉलफसन आली.

आर्डिस म्हणजे आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरातली बाई. मैल पळून ओकलेल्या पोरांना ती मागच्या दाराने गरम पाव द्यायची. कोचचं आणि तिचं तेव्हापासून वाकडं. तिचं वय शहाऐंशी, दोन्ही गुडघे नवे, आणि ती अकरा वर्षं रोज इथे येते. ती काही जोरात चालत नाही. ती फक्त थांबत नाही. कोचच्या शेजारून जाताना तिने वळूनही बघितलं नाही, नुसतं म्हणाली, "जरा बाजूला हो, मर्ल. मागे रहदारी अडली आहे."

झालं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. शटर साठ-सत्तर पावलांवर असताना कोच ओस्टगार्ड धावायला लागले. छातीवर तो हातभर व्रण, डॉक्टरांची ताकीद, तळ्याकाठचं घर, सगळं मागे राहिलं. त्यांनी आर्डिसला मागे टाकलं, मनगटवाल्यांना मागे टाकलं, आणि शटर वीस पावलांवर असताना त्यांचे पाय संपले. आधाराला जवळ काहीच नव्हतं. होता तो एक लहान मुलांचा घोडा, नाणं टाकलं की डुलणारा, आता बंद पडलेला. कोचनी त्याच्या मानेला मिठी मारली, एक पाय कसाबसा पलीकडे गेला, आणि ते त्या घोड्यावर बसले. आयुष्यभर आपलंच घोडं पुढे दामटणारा माणूस शेवटी न हलणाऱ्या घोड्यावर जाऊन बसला. मला हसू आलं. मग त्यांचा चेहरा दिसला, भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा.

जॅनेल धावत आली. तिने त्यांची नाडी धरली, पाणी पाजलं. दहा मिनिटं गेली. रंग परत आला तसा आवाजही परत आला.

"धावत होतो मी," कोच म्हणाले. "हे धर. शेवटी शेवटी मी धावत होतो. याला माझ्या वर्गात पैकीच्या पैकी आहेत."

"मी चालायला सांगितलं होतं," जॅनेल म्हणाली. तिने हात कोटाच्या खिशात घातले. "माझ्या परीक्षेत धावणाऱ्याला शून्य."

 चाळीस वर्षं तिने हे वाक्य कुठे जपून ठेवलं होतं कोण जाणे, पण ठेवलं होतं ते धार लावून. खरं सांगतो, मला आनंद झाला. माझ्याही वतीने ते बोललं गेलं होतं. आनंद फार टिकला नाही, कारण कोचनी ते मान्य केलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. शून्य म्हणजे काय ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार? ते घोड्यावरून उतरायचा प्रयत्न करू लागले, आणि त्यांना उतरता येईना.

आर्डिसने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. उतरवता उतरवता ती जॅनेलला म्हणाली, "बापाकडून बाकी काही घेतलं नाहीस, पोरी, पण हे मात्र तंतोतंत घेतलंस."

जॅनेलने त्या घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "गुरुवारी पुन्हा. माझं विमान शुक्रवारी आहे. मला पुन्हा संधी मिळाली नव्हती, डॅड. तुम्हाला देते."

मंगळवारी आर्डिसने कोचना ताब्यात घेतलं. तिचं शास्त्र सोपं आहे. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलताना दम लागला तर वेग जास्त, गाता आलं तर कमी. कोच म्हणाले, मला बोलायला काही नाही. आर्डिस म्हणाली, तीच तर तुझी रड आहे, मर्ल, तुझी छाती नंतर बिघडली. पहिल्या दिवशी ती विचारायची, काय खाल्लंस? ते म्हणायचे, ओट्स. मग पुढचे दोनशे फूट शांतता. एकतीस वर्षं ज्याचं सगळं बोलणं शिट्टीने झालं, त्याच्या तोंडात वाक्यं कुठून येणार? बुधवारी मात्र ओल्या बर्फाबद्दल ते सलग अर्धी फेरी बोलले. फावडं कसं धरावं, पाठ कशी ठेवावी. आर्डिस मधूनमधून हं म्हणत होती. एवढं कंटाळवाणं भाषण मी आमच्या महापौरांचंही ऐकलेलं नाही, पण कोचचा श्वास लागला नव्हता.

गुरुवारी सकाळी आर्डिसने जाहीर केलं की तिचा गुडघा दुखतोय. गुडघे तिचे धातूचे आहेत. ती आरामात दोन डोनट घेऊन माझ्या बाकावर बसली, एक माझ्या हातात दिला आणि जॅनेलला म्हणाली, "बोलायला माणूस लागतो त्याला. तू जा."

बापलेक निघाले. माझ्या बाकावरून प्रत्येक फेरीला जेवढं कानावर पडलं तेवढंच मला ठाऊक. पहिल्या फेरीला कोच तिला बर्फ काढायचं यंत्र कसं चालू करायचं ते सांगत होते, आणि ती ॲरिझोनात राहते हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. दोघांनी शटरला बोट लावलं. दुसऱ्या फेरीला ती तिच्या आईच्या बटाट्याच्या सूपबद्दल विचारत होती, आणि ते म्हणत होते की त्यात मिरे शेवटी घालायचे असतात, ती गेल्यावर आपल्याला ते एकदाही जमलं नाही. तिसऱ्या फेरीला मनगटवाले त्यांना मागे टाकून गेले.  कोचचे कान लाल झाले, उजवा पाय जरा उचललाही गेला. जॅनेलने त्यांच्या दंडात हात घातला नाही, थांबवलं नाही, ती फक्त काहीतरी म्हणाली. पाय खाली आला.

चौथी फेरी वळून शटराकडे आली तेव्हा मला जॅनेलचा आवाज ऐकू आला.

"शून्य देणारच होता, ते मला ठाऊक होतं. नियम होता. पण शेवटची फेरी माझ्याबरोबर चालायला काय झालं होतं? मैदानात दुसरं कुणी नव्हतं."

कोचनी उत्तर द्यायला वीस पावलं घेतली. घोड्यापाशी आले तेव्हा म्हणाले, "मला चालायचं माहीत नव्हतं."

ते रागाने बोलले की कसं, मला सांगता येणार नाही. आर्डिसने खाणं थांबवलं. दोघांनी शटरला बोट लावलं, आधी तिने, मग त्यांनी, त्याच चकचकीत डागावर. कोच बसले नाहीत. टेकले नाहीत. छाती वरखाली होत होती, पण बोलता येत होतं. त्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"एकतीस मिनिटं. लाज आहे."

"पास," जॅनेल म्हणाली.  "पास आहात. घर तुमचं. पण मी तरी याहून लवकर पोचले होते, डॅड."

"एकोणीस मिनिटं आणि बावीस सेकंद," कोच म्हणाले.

 जॅनेलला स्वतःलाही तो आकडा माहीत नव्हता. वहीत फक्त शून्य होतं. तिने शटरकडे तोंड केलं आणि कपाळ त्याला टेकवलं, आणि कोच शेजारी उभे राहिले, हात कुठे ठेवावा ते न कळल्यासारखे. मग त्यांनी तो तिच्या पाठीवर ठेवला, अगदी हलका.

असल्या वेळी गप्प बसावं एवढी अक्कल मला असती तर मी पहारेकरी कशाला झालो असतो? मी म्हटलं, "कोच, आणि माझी वेळ? मीही होतो त्या दिवशी."

त्यांनी मान वळवून मला खालून वर, बाकासकट, न्याहाळलं.

"तुझं घड्याळ अजून चालू आहे, लाइल," ते म्हणाले. "तू कुंपणाच्या भोकातून गेलास, तो अजून पोचलेला नाहीस."

आर्डिसने माझ्या हातातला डोनट काढून घेतला, आणि मी चालायला उठलो.